पान्ह्याचा पुरावा

हॅलो?… हो, आरमोरीचंच पोस्ट. मी रुखमा बोलून राह्यलो… कोण, मीरा? काय व माय, काऊन ट्रंक कॉल केला? पोस्टमन पळत बोलवाले आला, माह्या जिवाचं पाणी झालं. जावईबापू बरे हायेत ना?… मंग दम खाऊन बोल.

…म्हैस? कोणती म्हैस?…

हो, हो… अवं ऐक ना. आपली चंदी गेली. वैनगंगेच्या पुरानं परवा दावणीसकट नेली, साऱ्या गावानं पाह्यलं. तुह्या बाबानं तर काल घाटावर जाऊन मिशा काढल्या. न्हावी म्हणे, म्हशीचं सुतक धरणारा माणूस म्या पहिल्यांदा पाह्यला… हासू नको.

…खाली तुमच्या गावच्या काठाले लागली? कानात बँकेचा बिल्ला हाय?… अवं, कर्जाच्या साऱ्याच म्हशींच्या कानात तो बिल्ला हाय. नंबर सांगून मले काय समजते? नंबर कागदावर, अन् कागद घेऊन तुहे बाबा आत्ताच बँकेत गेले. विम्याचे साहेब पंचनाम्याले आले हायेत. चंदी मेली म्हणून अंगठा द्याचा, मंग दुसरी म्हैस भेटते.

…डावं शिंग वाकडं हाय का?… चिखलानं दिसत नाई?… दुधाले हातच लावू देत नाई? मीरा, थांब. कुठी बांधली? सरपंचाच्या अंगणात, फोनच्या खिडकीखाली? मंग बादली घेऊन बस अन् भजन म्हण… चेष्टा नाई व. तुह्या लग्नानंतर घेतली, तुले कसं माहीत असणार? चंदी भजनाबिगर पान्हा सोडत नाई… देवाच्या नावाची कायची लाज? बरं, जावईबापूले सांग, फोन खिडकीतून तिच्या कानाले धरा. मीच म्हणतो. नानाजी मास्तर, शिक्के राहू द्या, जरा टाळी धरा.

विठ्ठल… विठ्ठल… विठ्ठल… मास्तर, ठेका सोडू नका… विठ्ठल… विठ्ठल…

हॅलो?… कान हालवला?… अन्?… ऐकू येते, माय, धार ऐकू येते. माहीच चंदी हाय.

…काय म्हणतात जावई? बिल्ला काढून टाकू? चंदीही ठेवा, विम्याचीही घ्या?… त्याहिले सांग, सप्त्यात महाराजांनी काल्याच्या कीर्तनात विमा समजावला होता. साऱ्या गोपाळांनी आपापली शिदोरी एका हंडीत टाकली. ज्याची सांडली, त्यानं त्यातून खाचं. आपली शिदोरी तर पोहून परत आली. मंग शेजारच्या सोमारीबाईच्या वाट्यातलं आपून काऊन खाचं? तिची म्हैस झाडाले अडकून मेलेली सापडली, बिचारीची…

रुसले? रुसू दे. त्याच दुधाचा चहा पाज, उतरते राग… हो, गाडीबैल घेऊन येतो उद्या.

ठेवतो मी. तुह्या बाबाचा अंगठा शाईत बुडाच्या आधी बँकेत पोचाले पायजे… मिशांचं काय व? चंदी आली, त्याही येतीन.