पावलांचा आवाज

अठ्ठ्याण्णव साल. साताऱ्याहून वडूजला निघालेल्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर मायलेकी बसल्या होत्या.

"रेश्मे, पावण्यांनी इचारलं काय करतीस, तर टायपिंग म्हण."

"आय, टायपिंग न्हाई करत मी. गेममधल्या आवाजांचा प्रोग्राम लिहिते. गेममधला माणूस खडीवर चालला तर खडी वाजते, चिखलात चालला तर चिखल. कुठल्या बाजूनं येतोय तेबी कळतं."

"ह्ये सांगितलंस तर येडी म्हणतील."

"म्हणू देत."

"बरं, चालून दाखव म्हणले तर गुमान चाल. समद्या पोरी चालत्यात."

"चालीन की. पर आधी त्यांच्या पोराला अंगणातनं चालाया लावणार. टेपरेकॉर्डर आणलाय मी. आवाज पसंत पडला तर पुढचं बघू."