वळणावरचा हॉर्न

निपाणीच्या गाडीवर महादेवचा ड्रायव्हर म्हणून तिसराच दिवस. त्याच्या मागच्या सीटवर विड्या वळणाऱ्या दोघी बोलत होत्या.

“रवळू ड्रायव्हर गेला आणि वाड्यांचं घड्याळच बंद पडलं बघ.”

“व्हय की. वळणावर दोनदा हॉर्न वाजला, की विड्यांची बुट्टी उचलायची आणि निघायचं.”

“काल त्याच हॉर्नची वाट बघत बसलो आणि गाडी चुकली.”

“मला लई ताप भरलेला, तवा तिसऱ्यांदा वाजवून दारात आला. गाडीत घालून दवाखान्यात पोचवलं. गाडीतल्या कुणी हूं का चूं केलं न्हाय.”

“नव्या ड्रायव्हरला सांगूया?”

“नगं. त्येला कशाला तरास?”

पुढच्या वाडीचं वळण आलं. महादेवनं दोनदा हॉर्न वाजवला.

पहिल्याच घरातून एक म्हातारी बुट्टी सावरत धावत निघाली.

“आलो रं रवळू, आलो!”