पायजम्याची पिशवी

अरे, माझ्या बायकोच्या डोक्याला तर मी हात जोडले! घरात प्लास्टिक नको म्हनून तिनं माझ्या जुन्या पायजम्याची पिशवी शिवली, नाडीसकट. घडी करून दिली, मी न बघता बगलेत मारली. चाळीसगावच्या बाजारात वांगी घ्यायला उघडली, तर भाजीवाली खिदळायला लागली.

"दात काय काढतीस?" मी खेकसलो.

"भाऊ, पिशवीले पायजमाना खिसा शे!"

तेवढ्यात पोरीचे सासरे समोर उभे. गेली ना माझी इज्जत! पन ते नाडी ओढून बघत म्हनले, "याहीबुवा, झकास शे. माले बी अशीच एक द्या."

घरी येऊन सगळं सांगत मी बायकोवर भडकलो. ती भाकरी थापता थापता म्हनली, "चिडतस कसाले? त्यासले सांगा, पहिले पायजमा उतारी द्या."