पॅकखाली म्हटलेलं ‘हूं’

आजच्या माझ्या निरोप समारंभाच्या अध्यक्ष, ज्यांच्या पार्लरमध्ये मी पहिल्यांदा हातात ब्रश धरला त्या आमच्या मोठ्या बाई. अर्धा दिवस दवाखाना बंद ठेवून आलेले प्रमुख पाहुणे, आमचे त्वचेचे डॉक्टर. व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या सहकारी मैत्रिणी. आणि सभागृहात जमलेल्या ताई, वहिनी, मावशी, काकू, तसेच बायकोची पर्स मांडीवर घेऊन मागच्या रांगेत शांतपणे बसलेले समस्त बंधू, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही असं सुरुवातीला म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही, कारण एकोणतीस वर्षं मी रोज भाषणच करत आले. फरक इतकाच, की माझे श्रोते आडवे असायचे, त्यांच्या डोळ्यांवर ओला कापूस असायचा आणि उठून जायची सोय नसायची. आज सगळे बसलेले आणि डोळे उघडे, त्यामुळे जरा बिचकायला होतंय.

माझ्या आधी बोलणाऱ्यांनी माझ्या हातांत जादू आहे वगैरे सांगितलं. ऐकायला गोड वाटलं, खोटं कशाला बोलू? पण जादूबिदू काही नसते. फेशियल हे तासाभराचं काम, शिकलेली कुठलीही बाई ते नीट करते. खरं काम तुम्ही दाराबाहेर पडल्यावर सुरू होतं आणि ते तुमच्या हातात असतं. आणि तुमचे हात, स्पष्ट बोलते, माफ करा, भरवशाचे नाहीत. आत्तासुद्धा चौथ्या रांगेतल्या एक ताई भाषण ऐकता ऐकता हनुवटीवरची पुटकुळी चाचपतायत. नाव घेत नाही. ताई, हात खाली. आभारी आहे.

तुम्ही माझ्या पाठीमागे मला ‘पाठांतरबाई’ म्हणता, हे मला ठाऊक आहे. काही जणी तर तोंडावरही म्हणतात. फेशियल झालं, तोंड पुसलं, तरी मी डोक्याचा पट्टा सोडत नाही. आधी सरळ बसायचं, माझ्याकडे बघायचं आणि घरी गेल्यावर काय करायचं, काय नाही, ते म्हणून दाखवायचं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. एका बँकेच्या मॅनेजर बाई मला म्हणाल्या होत्या, “अहो, शाळेत मी कधी ओणवी उभी राहिले नाही, तुम्ही ती हौस फेडलीत.” हा छळ मी का मांडला, ते आजवर कुणाला सांगितलं नाही. आज सांगते. ज्या दोघींची ही गोष्ट आहे त्या तिसऱ्या रांगेत शेजारी शेजारी बसल्या आहेत. सासू आणि सून. दोघींची परवानगी घेतली आहे. सासूबाईंनी एकच अट घातली, की त्या घोरल्या हे सांगायचं नाही. ती अट मी पाळणार आहे.

मला नोकरीला लागून तिसरं वर्ष होतं. एका गुरुवारी ही सून आली. हॉटेलच्या स्वागतकक्षात तिला नोकरी मिळाली होती आणि पुढच्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. पहिलीच नोकरी. चेहरा उजळ दिसावा म्हणून तिने पीलचं फेशियल मागितलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पीलमध्ये त्वचेचा वरचा जुना थर हलकेच सुटतो आणि खालचा नवा कोवळा थर उघडा पडतो. कोवळा म्हणजे कोवळाच. त्याला दोन-चार दिवस कुणी त्रास द्यायचा नसतो.

मी सगळं नेमाने केलं. शेवटी थंड पॅक लावला, डोळ्यांवर कापूस ठेवला आणि पॅक सुकेपर्यंत, आम्हाला शिकवलं होतं तसं, पुढची काळजी सांगायला घेतली. आज तोंडाला साबण नाही, नुसतं गार पाणी. वाफ घ्यायची नाही. लिंबू, साखर, खरखरीत स्क्रब, स्वयंपाकघरातलं काहीसुद्धा लावायचं नाही. मेकअप उद्यापर्यंत नाही. उन्हात जायचं तर सनस्क्रीन आणि डोक्यावरून ओढणी. साल सुटलं तर ओढायचं नाही, आपोआप पडू द्यायचं. साधं बिनवासाचं क्रीम, बास. आणि उशीचा अभ्रा धुतलेला. प्रत्येक वाक्यावर ती ‘हूं’ म्हणत होती. मला वाटलं, काय गुणी मुलगी आहे, किती मन लावून ऐकतेय.

गुणी मुलगी घरी गेली. नाक चोंदलं होतं म्हणून संध्याकाळी तिने गरम पाण्याची वाफ घेतली. शुक्रवारी चेहरा जरा ओढल्यासारखा वाटला म्हणून अर्धं लिंबू चोळलं. मग सोमवारसाठी साड्या घ्यायला दुपारी बारा ते तीन बाजारात फिरली, उघड्या डोक्याने. म्हणजे मी जे जे नको म्हटलं होतं, ते तिने एकेक करून पार पाडलं. मुद्दाम ठरवलं असतं तरी इतकं जमलं नसतं.

शनिवारी सकाळी दोघी पार्लरच्या दारात उभ्या. सुनेने तोंडावरची ओढणी बाजूला केली. दोन्ही गाल लालभडक, कपाळ तडकलेलं, हनुवटीपाशी पाणी सुटलेलं. ती रडत नव्हती, कारण डोळ्यांतलं पाणी गालावर आलं की आग होत होती. तेवढंच ती बोलली. बाकी सगळं सासूबाई बोलल्या.

मोठ्या बाईंनी विचारलं, “हिला काळजी सांगितली होतीस?”

मी म्हटलं, “सगळी सांगितली. दर वाक्याला हूं म्हणाल्या.”

सून म्हणाली, “मला एक अक्षरही सांगितलं नाही. आईंची शपथ.”

आता काय करायचं? आम्ही दोघीही डोळ्यात डोळे घालून बोलत होतो. दोघींपैकी एक खोटारडी असणार, असंच सगळ्यांना वाटलं. मोठ्या बाई मला म्हणाल्या, “उलगडा होईपर्यंत खुर्चीला हात लावायचा नाहीस. टॉवेल धू.” मी टॉवेल धुवायला लागले. नोकरी जाईल ही भीती होतीच, नाही कशाला म्हणू? घरी आईचं आजारपण होतं, माझ्या पगाराची गरज होती. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. या मुलीच्या तोंडावर डाग राहिला तर? नोकरी मला दुसरीकडे मिळाली असती. तिला दुसरा चेहरा कुठून मिळणार होता?

प्रमुख पाहुण्यांच्या दवाखान्यात तिला नेलं. डॉक्टर तेव्हा तरुण होते आणि पार्लर हा शब्द काढला की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. आजही पडते, पण आता ते आधी हसतात. त्यांनी सांगितलं, “अकरा दिवस. हे एक मलम, बाकी काही नाही. खाजवलं नाही, साल ओढलं नाही, ऊन टाळलं, तर डाग राहणार नाही. ओढलं तर माझ्याकडे येऊ नका.” हॉटेलवाल्यांकडे सासूबाई स्वतः गेल्या आणि पंधरा दिवसांची मुदत मागून आल्या. मागून म्हणजे कशा, ते त्या हॉटेलवाल्यांनाच विचारा.

मंगळवारी भर दुपारी सासूबाई एकट्या पार्लरमध्ये आल्या. मला कामावरून काढल्याचं कागदावर लिहून द्या, त्याशिवाय मी हलत नाही, म्हणाल्या. पुढे जे झालं ते फक्त आमच्या मोठ्या बाईच करू जाणोत. त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, “लिहून देते. पण उन्हातून आलात, तोंड किती तापलंय. कागद शोधेपर्यंत पाच मिनिटं पडा, नुसता काकडीचा गार पॅक लावते. औषध नाही, काही नाही.” सासूबाई भांडत भांडतच खुर्चीवर आडव्या झाल्या. पॅक लावून होईपर्यंत माझ्या खानदानाचा उद्धार चालू होता. डोळ्यांवर कापूस ठेवला. “या पोरीला तर मी...” इथपर्यंत वाक्य आलं आणि थांबलं.

मोठ्या बाईंनी मला मोरीतून खुणेने बोलावलं. म्हणाल्या, “गुरुवारी सुनेला जे सांगितलंस ते यांना सांग. अगदी तसंच.”

मी ओले हात पुसले आणि सांगायला लागले. आज साबण नाही. सासूबाई म्हणाल्या, हूं. वाफ नाही. हूं. लिंबू नाही. हूं. मग मोठ्या बाई पुढे झाल्या आणि त्याच सुरात म्हणाल्या, “आणि हे पार्लर आम्ही उद्यापासून तुमच्या घरात हलवतोय, सामान सकाळीच येईल.” सासूबाई म्हणाल्या, हूं. “तुम्ही आणि तुमचे यजमान गच्चीवर झोपा.” हूं.

वीस मिनिटांनी तोंड पुसलं तेव्हा त्या दचकून उठल्या. “काय सांगत होते मी?”

मोठ्या बाईंनी विचारलं, “या मुलीने तुम्हाला आत्ता काय काय सांगितलं?”

“हिने? ही कुठे काय बोलली? मी पडल्यापासून हिच्या तोंडून शब्द नाही.”

पलीकडच्या खुर्चीवर केस कापून घेणाऱ्या एक काकू खुदकन हसल्या आणि त्यांनीच सगळं सांगून टाकलं, गच्चीसकट. सासूबाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. मला वाटलं आता खुर्चीच उचलतात. पण त्या हळूच म्हणाल्या, “म्हणजे माझी सून खोटं बोलली नव्हती.” तेव्हा कळलं, की घरी मुलगा म्हणत होता, हिनेच ऐकलं नाही आणि आता दुसऱ्यावर ढकलतेय. बाई इतक्या भांडत होत्या, कारण त्यांनाही मनातून खात्री नव्हती.

“नव्हती बोलली,” मोठ्या बाई म्हणाल्या, “आणि आमचीही नव्हती.”

माझी खुर्ची मला परत मिळाली. सगळ्या म्हणाल्या, सुटलीस बाई. पण मी सुटले नव्हते. मी खरं बोलले होते, कबूल. पण कुणाशी? झोपलेल्या माणसाशी. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं आणि वर म्हणायचं, मी ओतलं होतं हो. चूक तिची नव्हती, चूक माझीच होती. हे मी त्याच दिवशी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग चल घरी, आणि आता ती जागी असताना सांग.” पुढचे आठ दिवस काम संपलं की मी त्यांच्याकडे जात होते. गार पाण्याच्या घड्या ठेवायचे, मलम लावायचे, आणि ती नखाने साल सोलायला गेली की हातावर चापटी मारायचे. सासूबाई दुसरा हात धरायच्या.

अकराव्या दिवशी डॉक्टरांनी भिंग लावून तिचे गाल बघितले, कपाळ बघितलं, हनुवटी वर करून बघितली. फार वेळ लावला हो डॉक्टर तुम्ही. मग म्हणाले, “जा कामावर. डाग नाही.” दवाखान्याच्या पायरीवर बसून मी इतकी रडले, की आत बसलेल्या पेशंटना वाटलं मलाच काहीतरी मोठं दुखणं निघालं.

दोन महिन्यांनी ती पुन्हा पार्लरमध्ये आली. मला वाटलं, भुवया करायच्या असतील, दुसऱ्या कुणाकडून. ती सरळ माझ्या खुर्चीवर येऊन पडली. म्हणाली, “ताई, साधं फेशियल कर. आणि आज मी जागी राहणार, बघच.” मी पॅक लावला, कापूस ठेवला. दोन मिनिटं गेली नसतील, तिचा श्वास संथ झाला. आता तुम्हीच सांगा, ज्या हातांखालून उठल्यावर तोंड भाजलं, त्याच हातांखाली कुणाला झोप लागते का? तिला लागली. मी एक शब्द बोलले नाही. स्टूल ओढून तिच्या उशाशी बसले आणि ती आपणहून उठेपर्यंत तिथून हलले नाही. त्यानंतर मला खूप बक्षिसं मिळाली, आजही मिळाली. पण त्या झोपेएवढं मोठं दुसरं काही मिळालेलं नाही.

बराच वेळ घेतला. मोठ्या बाईंनी मला टॉवेलवर बसवलं आणि टॉवेलवरून उठवलंही, त्यांचे आभार मानायला माझ्याकडे पुरेसे शब्द नाहीत. डॉक्टरांचे आभार, मैत्रिणींचे आभार, त्या सासूसुनेचे तर फारच. कुणाच्या गालावर माझा हात जड पडला असेल, पाठ न आल्याबद्दल कुणाची बस चुकवली असेल, किंवा आत्ता बोलण्याच्या भरात काही कमीजास्त निघून गेलं असेल, तर ते मनावर घेऊ नका.

सव्वीस वर्षं रोज सकाळी मी एक फोन करत आले, काल केलेला चेहरा आज कसा आहे ते विचारायला. आज सकाळी शेवटचा केला. पलीकडून उत्तर आलं, “छान आहे हो, लालसुद्धा नाही.” जीव भांड्यात पडला. आता तो तिथेच राहू द्यावा म्हणते. नमस्कार.