हद्दीच्या खांबापाशी थांबलेला माग

आपल्या शिकार मंडळाच्या अध्यक्षा हेल्वीबाई, शेजारच्या होंकावारा मंडळाचे प्रमुख आल्पो, आपली जंगलं आम्हाला मोकळी करून देणारे जमीनमालक, आणि ज्यांच्यासाठी आज मूसच्या मटणाचा रस्सा शिजला ते मावळते शिकारप्रमुख ओइवा,

काय घडलं ते आधी सांगते.

१. पहिल्या बर्फावर मला लांडग्याचा माग दिसला. लांडग्यांची मोजदाद माझ्याकडे आहे.
२. मी तो हद्दीच्या खांबापर्यंत काढला. पुढे होंकावारा. मी मागे फिरले.
३. ओइवांना कळवलं : एकच आहे, पलीकडे गेला.
४. त्यांनी आपल्या शिकारी कुत्रीला, तुइस्कुला, मोकळं सोडलं.
५. लांडगे पाच होते.

लांडगे बर्फात एकामागे एक चालतात. मागचा पुढच्याच्या ठशात पाय ठेवतो. म्हणून रांग जिथे फुटते तिथपर्यंत माग काढायचा असतो. हे मी इतरांना शिकवते. मग मीच का थांबले? शिकारीच्या दिवशी शेजाऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही, ही आपली रीत. ओइवाही फोनवर म्हणाले, "फिर मागे, पोरी. आल्पोच्या माणसांनी पाहिलं, तर वर्षभर माझं डोकं खातील." आल्पो, हसू नका, खाल्लं असतंत.

मी 'एकच' म्हणाले. 'बहुधा' म्हणायला हवं होतं.

तुइस्कुने भुंकून भुंकून एक मोठ्या शिंगांचा मूस जागीच अडवला होता. तिच्या गळ्यातल्या यंत्रामुळे तिचं भुंकणं आम्ही फोनवर ऐकत होतो. ते थांबलं. लांडग्यांनी तिला मारलं. नंतर मी ओइवांच्या अंगणात गेले. "माझ्यामुळे झालं," म्हटलं. ते म्हणाले, "गप. पट्टा कुणी सोडला?" आणि दार लावून घेतलं.

दुकानात मला विचारतात, "काय गं, आज किती मोजलेस? एक की पाच?" विचारा. पण ओइवांना "म्हातारा हट्टी, लांडगा असताना कुत्रं सोडलं" असं म्हणू नका. त्यांनी विचारलं होतं. उत्तर माझं होतं.

लांडगे आता इथे राहणार. किती राहू द्यायचे, हा वाद रस्सा संपल्यावर घाला. पण कुत्रं मोकळं सोडायची भीती बसली, तर आपली शिकार गोळीआधीच संपेल. यंदा गावात कुणी पिल्लू घेतलेलं नाही. ओइवांनीही नाही. ते म्हणतात, वय झालं. सरपण अजून स्वतः फोडतात.

हेल्वीबाईंनी बोलू दिलं, तुम्ही रस्सा थंड होऊ दिलात, आभारी आहे. सत्काराच्या दिवशी हे बोलायला नको होतं असं वाटलं असेल, तर तो दोष माझ्या नावावर धरा.

आल्पो, एक विनंती. माग काढणाऱ्याला शिकारीच्या दिवशीही, बंदूक न घेता, तुमची हद्द ओलांडू द्या. तुमच्या माणसाला आमची. तुइस्कुच्या बहिणीला पिल्लं झाली आहेत. त्यातलं एक शनिवारपर्यंत ओइवांसाठी राखून ठेवायला सांगितलं आहे. त्यांना हे आत्ताच कळतंय. ओइवा, हो किंवा नाही, शुक्रवारपर्यंत कळवा.