एक्कावन्नशे एक्कावन्न नंबरचं दार

...नाही, पण मला सांगा, ज्यानं घर बांधलं त्यालाच बाहेर उभं करायचं, हा कुठला न्याय? तुम्हाला सांगतो, सत्त्याण्णव साल, जळगावात आमच्या कॉम्प्युटर डिप्लोम्याचं शेवटचं प्रॅक्टिकल, आणि अख्ख्या वर्गात सर्व्हरचा प्रोग्राम लिहिला कुणी? मी, पितांबरनं! बोदवडहून पॅसेंजरमध्ये उभ्यानं येऊन लिहिला! बाकीच्यांनी काय केलं? उतरवला! त्यात पहिला नंबर शिंदखेड्याच्या रुपचंदचा. वर मलाच दाखवतो, "बठ्ठं तुनंच शे भाऊ, फक्त नाव मनं टाकं." म्हणजे सगळं माझंच, नाव तेवढं त्याचं!

बरं, प्रकरण नुसतं मार्कांचं नव्हतं हो. एका सूतगिरणीत कॉम्प्युटरवर माणूस हवा होता, एकच, आणि पुण्याहून आलेले परीक्षक नाव सुचवतील तोच घेणार होते. मला ती नोकरी हवी होती. अगदी हवी होती.

आता सर्व्हर म्हणजे काय? एक प्रोग्राम दार उघडून बसतो, बाहेरून दुसरा आला की हा 'अॅक्सेप्ट' करतो, म्हणजे या, बसा, काय काम काढलंत. कुणी येईपर्यंत मुकाट वाट बघायची, बस्स. दाराला नंबर लागतो, तो मी आपला शुभ बघून टाकला, एक्कावन्नशे एक्कावन्न. आमच्या लॅबमध्ये मशीन एकच, बाकी सगळे नुसते पडदे आणि कीबोर्ड, आणि एका मशीनवर एका नंबरचं दार एकालाच मिळतं! उतरवणाऱ्यांनी नावं बदलली, पण नंबर बदलायची अक्कल? कुठून येणार?

आणि तो रुपचंद... वर्षभर दुसऱ्या तासाला उगवणारा माणूस, नेमका त्या दिवशी पहाटेच्या एसटीनं आला! सगळ्यात आधी बसला, प्रोग्राम सुरू केला, दार पटकावलं. मग मी सुरू केला. दार मिळालं नाही, हे मशीननं सांगावं की नाही? नाही सांगितलं. म्हणजे तपासायची ओळ लिहावी लागते म्हणे... कोण लिहितं हो! माझा सर्व्हर बसला भलत्याच दारात. तिथं कोण येणार? कुत्रं नाही फिरकलं. वाट बघतोय बापडा!

साहेब आले. नाकावर चष्मा, चेहऱ्यावर जळगावच्या उन्हाचा राग. म्हणाले, "हं, जोडा." मी बाहेरून दार ठोठावणारा प्रोग्राम सोडला, तो सरळ गेला एक्कावन्नशे एक्कावन्नला, आणि माझ्या पडद्यावर, माझ्या, इंग्रजी अक्षरांत काय उमटलं? 'रुपचंद आपले सहर्ष स्वागत करीत आहे'!

साहेब चष्म्यावरून बघतात. "रुपचंद कोण?" तो उठला, नवरदेवासारखा लाजत. साहेब म्हणाले, "कॉपी करताना निदान नाव तरी बदलावं माणसानं."

अहो, ते मी लिहिलंय, असं ओरडून सांगावंसं वाटलं, सांगितलंही. म्हटलं, साहेब, त्याचा प्रोग्राम जरा बंद करा, मग माझा बघा. तर म्हणतात, "म्हणजे आता चांगल्या मुलाचं चालू कामही बंद पाडायचं?" तिकडे वर्गातले सगळे एकेक करून त्याच्याच दारात चाललेत, तो एकेकाला आत घेतोय, स्वागत करतोय... आणि माझा? वाट बघतोय बापडा!

पुढं काय सांगू? वर्गाला साहेबांनी पास केलं, मला तर काठावर, वाद घातला म्हणून, आणि सूतगिरणीला नाव दिलं रुपचंदचं. रडू आलं हो मला, खोटं कशाला बोलू. पॅसेंजरमध्ये खिडकीकडे तोंड करून बसलो.

सोमवारी त्याला रुजू व्हायचं, तर रविवारी स्वारी बोदवडला आमच्या घरी हजर, पेढे घेऊन. आईनं कौतुकानं पाणी दिलं. घटाघटा प्यायला आणि हळूच म्हणतो, "भाऊ, ते अॅक्सेप्ट म्हनजे काय ऱ्हास?"

अॅक्सेप्ट म्हणजे काय असतं, ते समजावलं. पहिल्यापासून, दोनदा. काय करता, पेढ्यांचा डबा अजून त्याच्याच मांडीवर होता.