ताहितीला आठ दिवस

अरे, आमची आई मुरबाडचं घर सोडून कल्याणला बहिणीकडंसुद्धा कधी मुक्काम करत नाही. बाबा गेल्यापासून तर तिनं घरात, शेतात नुसतं राबणंच चालवलंय. म्हणून बायकोनं आणि मी मिळून तिला ताहिती बेटावर न्यायचं ठरवलं. ती नाही म्हणणार, हे धरूनच मी विषय काढला.

“तिथं करायचं काय रे?”

“काय नाय. समुद्राकडं बघत पडून राहायचं.”

“जेवण कोण करील?”

“हॉटेलवाले.”

“भांडी?”

“तेच घासतील.”

“आणि म्हशीचं?”

“मामा येऊन राहील.”

 मी मनातल्या मनात तिची समजूत काढायला लागलो.

“परत कधी यायचं?”

“आठ दिवसांनी.”

“कशाला यायचं परत?”